मुलांचे लेखन इंटरनेटवर ठेवताना या चुका टाळा

अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढीत. त्याचे वाचक कोण, हे छात्रालयात सर्वांना ठाऊक होते. आज धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळा मुलांचे निबंध, कविता आणि परिसर अभ्यासाचे प्रकल्प इंटरनेटवर ठेवतात, तेव्हा ते कोण वाचणार हे कुणालाच सांगता येत नाही. तरीही हस्तलिखिताची जुनी सवय सुटत नाही. पानाच्या वर मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, गाव आणि पासपोर्ट आकाराचा फोटो असतो; खाली इतके तपासून, घासूनपुसून दिलेले लेखन असते की त्यात मूल शोधावे लागते. झाकायचे ते उघडे पडते आणि जपायचे ते पुसले जाते, ही या कामातली मुख्य चूक आहे. बाकीच्या बहुतेक चुका तिच्याच पोटी जन्मतात.

फोटोखालची पट्टी

उपक्रमाचा अहवाल वरिष्ठांकडे पाठवताना अक्षांश-रेखांश छापणाऱ्या कॅमेरा ॲपने फोटो काढण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अशा फोटोच्या तळाशी छोटा नकाशा, गाव, तालुका, पिनकोड, तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ येते. अहवालासाठी ते योग्यच आहे. पण तोच फोटो सर्वांना दिसणाऱ्या पानावर गेला, की कोणत्या गावातल्या कोणत्या वर्गातली मुले कोणत्या वेळी कुठे असतात, हे अनोळखी माणसाला आयते कळते. पट्टी कापून टाकली म्हणजे काम संपले, असेही नाही. फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंद लपलेली असू शकते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवल्यास ती नोंद सहसा निघून जाते, परंतु फोटोचा दर्जा घसरतो. म्हणून शिक्षक तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतात आणि मग फाइल ठिकाणासकट जशीच्या तशी पुढे जाते. त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या सेटिंगमधले लोकेशन बंद करून प्रसिद्धीसाठी वेगळा फोटो काढावा आणि त्यात शक्यतो चेहऱ्यांऐवजी हातातले काम दाखवावे. कपाशीच्या बोंडांच्या नोंदवहीचे उघडे पान रांगेत उभ्या केलेल्या वर्गापेक्षा कितीतरी अधिक सांगते.

नावाच्या बाबतीत पहिले नाव आणि इयत्ता एवढे पुरे आहे. मात्र वहीचे पान स्कॅन करताना कोपऱ्यातला हजेरी क्रमांक, गणवेशावरचा बिल्ला आणि पूर्ण नाव घालून जतन केलेल्या फाइलचे शीर्षक या तीन ठिकाणी तीच माहिती पुन्हा डोकावते.

संमती म्हणजे प्रवेश अर्जावरची सही नव्हे

2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल ठरते आणि तिच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. ती मागे घेण्याचा हक्कही आहे. प्रवेशाच्या गर्दीत कागदांच्या गठ्ठ्यावर घेतलेली सही या कसोटीला उतरणे कठीण आहे. काय, कुठे आणि किती काळ दिसणार, हे पालकाला समजेल अशा भाषेत सांगावे लागते. अक्राणी तालुक्यातल्या पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या पालकापुढे प्रमाण मराठीतला छापील नमुना ठेवून अंगठा घेणे ही संमती नसून उरकाउरकी आहे. दुसरी गोष्ट, 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनाचा पहिला मालक लेखक असतो, म्हणजे येथे ते मूल. तेव्हा विचारायचे त्यालाही.

मजकुरातही जपून पाहावे लागते. ‘माझे घर’ या विषयावर मूल मोकळेपणाने लिहिते, की दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेले आणि घरी आजी व आपण दोघेच आहोत. वर्गात वाचण्यासाठी यापरते चांगले लेखन नाही. इंटरनेटवर मात्र ते एका एकट्या घराचा पत्ता होऊ शकते. असे लेखन कापून मिळमिळीत करण्यापेक्षा वर्गातच ठेवावे.

बोलीची दुरुस्ती

साक्री तालुक्यातल्या मुलाने ‘मन्हा बाप वावरमा गया’ असे लिहिले, की लाल शाईने ‘माझे वडील शेतात गेले’ असे होते. शुद्धलेखनाची चूक वेगळी आणि अहिराणी वेगळी. ऱ्हस्व-दीर्घ सुधारावे, विरामचिन्हे द्यावीत. वाक्य मुलाचेच राहू द्यावे. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीची गाणी गोळा करण्याचा प्रकल्प असेल, तर गाणे गाणारीच्या तोंडचे आहे तसे उतरवून अनोळखी शब्दांचे अर्थ खाली द्यावेत, आणि गाणाऱ्या आजीलाही विचारावे. मोबाइलवर बोलून टाइप करणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. ती सोय बोलीतल्या शब्दाच्या जागी जवळचा प्रमाण शब्द बिनदिक्कत बसवते.

तांत्रिक अडचणी

संगणकावर नीट दिसणारा मजकूर इंटरनेटवर चिकटवताच इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसू लागला, तर तो कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप झालेला असतो. फाँट बदलून देणाऱ्या परिवर्तकाने तो युनिकोड या सर्वत्र सारख्या दिसणाऱ्या पद्धतीत आणून जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावेत. पालकांना गूगल ड्राइव्हची लिंक उघडताना परवानगी मागितली जात असेल, तर लिंक असलेल्या सर्वांना ‘व्ह्यूअर’ म्हणून पाहता येईल असे करावे. घाईत ‘एडिटर’ निवडल्यास कोणीही मुलांचे लेखन बदलू शकतो. यूट्यूबवरचा ‘अनलिस्टेड’ व्हिडिओ खासगी नसतो, लिंक हाती पडलेला कोणीही तो पाहतो.

सर्वांत जास्त काम बुडते ते बदलीमुळे. सगळे उपक्रम एकाच शिक्षकाच्या वैयक्तिक जीमेलवर असतात, शिक्षक दुसऱ्या तालुक्यात जातात आणि पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते. म्हणून खाते शाळेच्या नावाने काढावे, मुख्याध्यापकांसह दोघांकडे त्याची चावी असावी आणि वर्षातून एकदा सर्व फाइली पेनड्राइव्हवर उतरवाव्यात.

एखाद्या पालकाने लेखन काढायला सांगितले, तर कारण न विचारता ते त्याच दिवशी काढावे. पान काढल्यावरही गूगलच्या शोधात जुना मजकूर काही काळ दिसू शकतो. तेव्हा कालबाह्य मजकूर काढण्याची विनंती गूगलकडे करता येते. व्हॉट्सॲपवर आधीच पुढे गेलेल्या प्रतींवर मात्र शाळेचा ताबा राहत नाही, हे पालकांना संमती घेतानाच स्पष्ट सांगावे.