घाटाजवळच्या गावांनी पावसाआधी उरकायची तयारी

हायवेवर ॲक्सिडेंट झाला की ॲम्ब्युलन्स, पोलीस, क्रेन सगळे येतात, पण तोवर जे काय करायचं ते शेजारच्या वाडीतली पोरंच करतात, म्हणून ही यादी कशेडी, परशुराम, आंबेनळी असल्या घाटांजवळच्या गावांसाठी, मे संपायच्या आत उरका.

आधी नंबर. 112 आणि 108 सगळ्यांना माहितीयेत, नॅशनल हायवेसाठी 1033 आणि जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा 1077 पण लिहून टपरीवर, रिक्षा स्टँडवर चिकटवा. खरी गोची होते जागा सांगताना, "वडाच्या वळणावर" हे आपल्याला कळतं, फोन उचलणाऱ्याला काय कळणार, तेव्हा आपल्या हद्दीतले किलोमीटरचे दगड कागदावर उतरवून ठेवा आणि रेंज कुठे मिळते तेपण लिहा. 2018 ला आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळली, वाचलेला एकटा माणूस वर चढून आला तेव्हा कुठे बातमी बाहेर कळली.

सामानात जाड लांब दोर (विहिरीचा जुनाट नको), चार्ज केलेल्या बॅटऱ्या, शिट्ट्या, चमकणारी जॅकेटं, हातमोजे, चादरी, स्वच्छ सुती कापड. हे सामान ठेवलेल्या खोलीची चावी दोन घरांत ठेवा, ग्रामसेवकाकडे एकच चावी आणि तो तालुक्याला गेलेला, असं नको. दरीत उतरायचं काम जवळच्या ट्रेकर्सचं, त्यांचा नंबर आत्ताच घ्या.

दोघंजण फक्त गाड्या अडवायला, दोन्ही बाजूंनी, लांबवर. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीचा पूल गेला, दोन एसटी वाहून गेल्या, अंधारात पुढे पूलच नाही हे ड्रायव्हरला दिसणार कसं?

टँकर उलटला तर मात्र सगळं वेगळं. मागच्या पाटीवर 1075 दिसलं की एलपीजी समजा, पाटी लांबूनच वाचा, जवळ जाऊन व्हिडिओ काढणारे महाभाग प्रत्येक गावात असतात त्यांना आधी हाकला. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली पऱ्ह्यात, सखल भागात साचतो, म्हणून वारा जिकडून येतोय तिकडे आणि उंचावर पळायचं, चुली विझवायच्या, गाडी स्टार्ट करायची नाही, लाइटच्या बटणालाही हात नको. त्यामुळे कुठली घरं आधी रिकामी करायची आणि उचलून न्यावं लागेल असं कोण आहे ते आजच ठरवा.

जखमीला आग किंवा पाण्याचा धोका नसेल तर ओढून काढू नका, रक्त वाहतंय तिथे कापड दाबून धरा, पाणी पाजू नका. पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून लोक थांबत नाहीत, पण मोटार वाहन कायद्यातल्या 134ए कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीही नाही.

आणि घाट बंद पडला, त्यातही गणपतीच्या आधी, तर शाळा उघडायची, बायकांसाठी संडास, पिण्याचं पाणी, पोरांना दूध. फाट्यावर एक माणूस उभा कराच, नाहीतर मॅप बघून ट्रकवाला आतल्या रस्त्याने वाडीत घुसतो, मोरीवर अडकतो आणि आपली ॲम्ब्युलन्सची वाटपण बंद.