बुडापेस्टचा एक दिवस: उन्हाप्रमाणे काठ बदला

बुडापेस्टमध्ये डॅन्यूब उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पश्चिमेला डोंगराळ बुडा, पूर्वेला सपाट पेस्ट. बुडाचा किल्ला सकाळी उजळतो, पेस्टमधल्या संसदेची नदीकडची बाजू दुपारनंतर. हा क्रम उलटा केलात की फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या येतात.

म्हणून सकाळ ट्राम नंबर 2 ला द्या. ती पेस्टच्या काठानं जाते. दक्षिणेकडच्या शेवटच्या थांब्यावर चढा आणि डावीकडची खिडकी धरा. गेलेर्ट टेकडी, किल्ला, 1849 चा साखळी पूल असं सगळं ओळीनं येतं. त्यासाठी महागडी बोट लागत नाही. मात्र रूळ पाण्याच्या अगदी लगत असल्यामुळे नदीला पूर आला की ही ट्राम बंद ठेवतात.

कागदी तिकीट नुसतं खिशात असून चालत नाही. ट्राममध्ये चढल्याचढल्या ते यंत्रात पंच करा, मेट्रोत मात्र फलाटावर जाण्याआधी. कोरं तिकीट सापडलं की दंड, पर्यटकालासुद्धा. दिवसभर फिरणार असाल तर सरळ 24 तासांचा पास घ्या, तो पंच करावा लागत नाही.

दुपारी सेचेन्यीचं गरम पाण्याचं स्नानगृह (1913). तिथे नेणारी एम-1 मेट्रो 1896 ची, आणि तिच्यात लोक हमखास फसतात: बऱ्याच स्थानकांवर दोन दिशांचे जिने रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. चुकीच्या बाजूनं उतरलात तर खालून पलीकडे जाता येत नाही. वर येऊन रस्ता ओलांडा. जाताना पाटीवर 'मेक्सिकोई उत' हे नाव शोधा.

टॉवेल, चपला घरूनच न्या. बाहेरच्या मधल्या तलावात पोहायला टोपी लागते, गरम कुंडांत नाही. जोडीनं किंवा कुटुंबासह असाल तर लॉकरऐवजी केबिन घ्या, कपडे बदलायला आडोसा मिळतो. सगळ्यात गरम कुंडात एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. जास्त बसलात तर उठताना गरगरतं. मध्ये पाणी पीत राहा.

सूर्यास्ताच्या तासभर आधी निघा. एम-1 नं देआक चौक, तिथून एम-2 नं दोन स्थानकं, नदीखालून बुडाकडच्या बाथ्यानी चौकात. वर आलात की संसद समोरच. आधी उन्हात, मग दिव्यांत, दोन्ही बघूनच उठा.

संसद आतून बघायची तर तिकीट आधीच ऑनलाइन काढा. आयत्या वेळी बहुधा संपलेली असतात. भारतीय पासपोर्टवर युरोपीय संघाच्या नागरिकांची सवलत मिळत नाही. घुमटाखालच्या दालनात राजमुकुट आहे, तिथे फोटो काढू देत नाहीत.