बार्सिलोनात राहायला जागा घेताय? या चुका टाळा

बार्सिलोनाला निघालेल्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. समुद्र किती जवळ? रांब्ला हा गजबजलेला रस्ता किती जवळ? नाश्ता मिळतो का? घर कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट कुठून सुरू होते, झोपायच्या खोलीची खिडकी कशावर उघडते, हे सहसा कोणी विचारत नाही. सहलीचा विचका होतो तो नेमका या न विचारलेल्या गोष्टींमुळे. या शहरात आधी इमारत निवडायची, मग रस्ता आणि मग खोली. फोटो सगळ्यात शेवटी बघायचे.

‘तिसरा मजला’ म्हणजे तिसरा मजला नव्हे

ही चूक इतक्या वेळा होते की आधी तीच सविस्तर सांगायला हवी.

नेहमीचा प्रसंग असा. पाच माणसं, त्यात आजी-आजोबा, आणि तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा. बुकिंगवर पत्ता ‘तिसरा मजला, दुसरं दार’ असा. तीन मजले काय, हळूहळू चढू, असं घरी बसून ठरतं. तिथे पोचल्यावर तळमजल्यावर दुकान दिसतं. त्याच्या वरच्या मजल्यावर पाटी ‘एन्त्रेसुएलो’, त्याच्या वर ‘प्रिन्सिपाल’. ‘प्रिमेरो’, म्हणजे त्यांचा पहिला, त्यानंतर येतो. म्हणजे त्यांचा तिसरा हा आपल्या हिशेबाने पाचवा मजला. जिना अरुंद आणि गोल. दिव्याला टायमर असल्यामुळे मधल्या वळणावरच अंधार होतो. आजोबा दुसऱ्या वळणावर बसतात, मुलगा बॅगा नेण्यासाठी चार खेपा घालतो, आणि पुढचे पाच दिवस आजी फक्त एकदाच खाली उतरते. साग्रादा फामिलिया हे प्रसिद्ध चर्च ती फोटोतच बघते. यात घरमालकाने काहीही खोटं सांगितलेलं नसतं.

प्रत्येक इमारतीत हे दोन्ही मधले मजले असतातच असं नाही. कुठे एकच असतो, कुठे एकही नसतो. म्हणून मजल्याचा आकडा विचारून भागत नाही, पायऱ्या विचाराव्या लागतात. पैसे भरण्याआधी हा निरोप पाठवा: ‘रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत? लिफ्ट रस्त्याच्या पातळीवरून सुरू होते का? तिच्यात किती माणसं मावतात?’ तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. जुन्या इमारतींत लिफ्ट मागाहून जिन्याच्या पोकळीत बसवलेली असते. तिच्यापर्यंत पोचायलाच आठ-दहा पायऱ्या चढाव्या लागू शकतात आणि आत दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग एवढीच जागा असते. उत्तर बुकिंगच्या साइटवरच लेखी घ्या, फोनवर नको. ‘काही अडचण येणार नाही’ एवढंच उत्तर आलं, तर ती जागा सोडून द्या.

बार्सेलोनेता या किनाऱ्यालगतच्या भागात तर हे विचारल्याशिवाय पाऊलच टाकू नका. अठराव्या शतकात वसवलेली ही कोळ्यांची आणि खलाशांची वस्ती. मूळ घरांचे पुढे चार-चार भाग झाले, त्यामुळे पुष्कळ घरं जेमतेम ३० चौरस मीटरची, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांची आहेत. जिने उभे आणि बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. ‘समुद्रापासून दोन मिनिटं’ हे खरं असतं, पण तरुण जोडप्याला चालणारी ही जागा आई-वडिलांना घेऊन जाण्याची नव्हे. समुद्र हवा आणि शांत झोपही हवी, तर एल-४ या पिवळ्या मेट्रो लाइनवरचा पोब्लेनोऊ भाग बघा. बोगातेल आणि मार बेया हे किनारे तिथून पायी गाठता येतात.

खिडकी कशावर उघडते

शहराचा मोठा भाग म्हणजे एशाम्प्ला. नगररचनाकार इल्देफोन्स सेर्दाच्या १८५९ च्या आराखड्यातून उभी राहिलेली चौकटीची वस्ती. एकेक चौक, म्हणजे चारही बाजूंना रस्ते असलेला इमारतींचा गट, ११३ मीटर बाजूचा, कोपरे कापलेले, मधे मोकळं आवार. इथल्या घरांच्या वर्णनात ‘एक्स्तेरिओर’ किंवा ‘इन्तेरिओर’ असं लिहिलेलं असतं. एक्स्तेरिओर म्हणजे रस्त्याकडची खोली. आपली माणसं तीच मागतात, कारण बाल्कनी. मग कारेर द आरागोसारख्या अनेक पदरी रस्त्यावर खोली मिळते, खाली स्कूटरी, समोर रात्रीपर्यंत भरलेला बार आणि मध्यरात्री कचऱ्याची गाडी. काचा बंद कराव्या लागतात आणि जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्यात एसी नसेल तर झोपेचं खोबरं.

इन्तेरिओर, म्हणजे आतल्या बाजूची खोली, मात्र दोन प्रकारचं असतं आणि फरक न विचारता घेणारे फसतात. ‘पातिओ दे मान्साना’ म्हणजे चौकामधलं मोठं आवार. तिकडची खोली शांत आणि उजेडाची असते. आमच्या मते एशाम्प्लात हीच सगळ्यात चांगली. ‘पातिओ दे लुसेस’ म्हणजे इमारतीतली अरुंद उभी पोकळी. तिच्यावर उघडणाऱ्या खोलीत दुपारी दिवा लावावा लागतो आणि शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातले सगळे आवाज येतात. एसीबद्दलही ‘आहे का’ असं न विचारता ‘प्रत्येक झोपायच्या खोलीत आहे का’ असं विचारा. बरेचदा तो एकच आणि तोही हॉलमध्ये असतो.

जुन्या शहरातल्या गोतिक, बोर्न आणि रावाल या भागांच्या गल्ल्या दिवसा सुरेख दिसतात. रात्री दोन वाजता त्याच दगडी भिंतींमुळे बोलण्याचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत चढतो. तिथेच राहायचं असेल तर नकाशावर घराखाली काय आहे ते रस्त्याच्या फोटोंत बघून घ्या. मग परीक्षणं नवीन आधी या क्रमाने लावून फक्त कमी गुणांची वाचा. ‘रुइदो’ हा शब्द, म्हणजे गोंगाट, तीनदा दिसला की पुढे वाचायची गरज नाही. पाच तारे देणाऱ्यांनी बहुधा फक्त टॉवेल बघितलेले असतात.

नावात बार्सिलोना, प्रत्यक्षात भलतीकडेच

स्वस्त पॅकेजमधलं ‘बार्सिलोना किनारा’ हॉटेल कित्येकदा कायेया या गावात असतं. कायेया सुमारे ५० किलोमीटरवर. तिथून आर-१ लोकलने शहराच्या मध्यावरच्या प्लासा कातालुन्याला यायला तासाहून अधिक वेळ लागतो. ल्योरेत दे मार या अशाच दुसऱ्या गावाला तर रेल्वेच नाही. पुण्यात राहतो म्हणून लोणावळ्यात खोली घेण्यासारखं हे आहे. वाचलेले पैसे तिकिटांत जातात आणि रोजचे दोन-अडीच तास प्रवासात. हॉटेलचं नाव बाजूला ठेवा, पत्त्यातलं गाव वाचा.

शहरात मेट्रोपासून चालत पाच मिनिटांच्या पलीकडे जाऊ नका. एशाम्प्लात हे मोजायला सोपं आहे: तीन चौक. टेकडीवर मात्र अंतरावर विसंबू नका. पार्क ग्वेलच्या आसपास नकाशावर दिसणारे ५०० मीटर सरळ चढाचे असतात. मेट्रो रविवार ते गुरुवार रात्री १२ पर्यंत, शुक्रवारी २ पर्यंत आणि शनिवारी रात्रभर चालते. तिथलं रात्रीचं जेवणच साडेआठ-नऊनंतर सुरू होतं, तेव्हा बाराचा हिशेब ठेवूनच जागा निवडा.

विमानतळावरून यायचं तर टी-२ या टर्मिनलवरून आर-२ नॉर्द ही गाडी शहरातल्या सांत्स आणि पासेज द ग्रासिया या स्टेशनांवर थेट आणते. टी-१ वर उतरलात तर टी-२ पर्यंत मोफत बस आहे. दहा फेऱ्यांचं टी-कॅज्युअल तिकीट या गाडीत चालतं, विमानतळाच्या मेट्रो स्टेशनांवर चालत नाही. आणि ते एकाच माणसाचं असतं, पाच जणांत वाटून वापरता येत नाही. पासेज द ग्रासियाला उतरून एल-४ धरायची असेल तर जोडभुयार लांबलचक आहे. बॅगा घेऊन तिथे बदली ठेवू नका, सरळ टॅक्सी करा.

परवाना क्रमांक न बघणे

पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घराला परवाना लागतो. बार्सिलोनातला क्रमांक ‘एचयूटीबी’ या अक्षरांनी सुरू होतो, पुढे आकडे. जाहिरातीत तो नसेल तर जागा कितीही गोड दिसो, ती सोडून पुढे जा. महापौर जाउमे कोलबोनी यांनी जून २०२४ मध्ये शहरातले असे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू न ठेवण्याचं जाहीर केलं, त्यामुळे शेजारी आणि महापालिका दोघंही आता दक्ष आहेत. ‘कोणी विचारलं तर मित्र आहोत म्हणा’ किंवा ‘साइटबाहेर पैसे पाठवा, स्वस्त पडेल’ असं मालक म्हणाला की संपलं. घाईत बुकिंग करणारे नेमके इथेच अडकतात. पासपोर्टचे तपशील मागितले तर मात्र घाबरू नका. स्पेनमध्ये पाहुण्यांची नोंद करणं कायद्याने सक्तीचं आहे.

उरलेल्या चुका, थोडक्यात

पर्यटक कर बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो. तो माणशी, दर रात्रीचा, जास्तीत जास्त सात रात्रींचा असतो. १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ.

तारखा बघा. फेब्रुवारीअखेर-मार्चच्या सुरुवातीला मोबाइल वर्ल्ड काँग्रेस हे मोबाइल उद्योगाचं मोठं प्रदर्शन असतं, खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढतात. २३ जूनच्या रात्री सांत जुआन या सणाचे फटाके पहाटेपर्यंत चालतात. १५ ऑगस्टपासून ग्रासिया भागाचा उत्सव असतो, तेव्हा तिथे झोपेची आशा नको.

व्हिसासाठी म्हणून मिळेल ती रद्द करता येणारी जागा धरायची आणि ‘खरी नंतर बघू’ म्हणायचं, हेही सोडा. व्हिसा हातात येईपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या असतात. पहिल्यांदाच विचार करून, पण रद्द करता येईल अशी खरी जागा घ्या.

स्वयंपाक करणार असाल तर शेगडी कोणती ते विचारा. ‘इंदुक्सिओन’, म्हणजे इंडक्शन, असेल तर घरून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. ‘वित्रोसेरामिका’, म्हणजे वर काच असलेल्या विजेच्या शेगडीवर, सपाट बुडाचं भांडं चालतं. गरम पाण्याची टाकी ५० लिटरची असेल तर पाच जणांच्या आंघोळी एका दमात होणार नाहीत. आणि ओव्हन, एसी, गीझर एकदम लावले तर घराचा वीजभार पेलत नाही, खटका पडतो. दाराजवळच्या पेटीतली मुख्य कळ वर करायची, पण आधी एक उपकरण बंद करून.

पीठ, डाळी, हळद रावालमधल्या भारतीय-पाकिस्तानी दुकानांत मिळतात, इथून ओझं नेऊ नका. रविवारी पोचणार असाल तर दुधाची सोय मालकाला आधीच विचारून ठेवा. मंडया आणि बरीच सुपरमार्केटं त्या दिवशी बंद असतात.