डेब आयडी आणि माहेरचं आडनाव: माझा अनुभव

पर्यावरण आणि अर्थशास्त्र असा मिश्र, ऑनलाइन एमए करायचा होता. सप्टेंबर 2024 च्या सत्रापासून ऑनलाइन पदवीला यूजीसीचा डेब आयडी (दूरशिक्षण विभागाचा, म्हणजे डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचा विद्यार्थी क्रमांक) लागतो, आणि तो एबीसी आयडीवरून (डिजिलॉकरमधून मिळणारा, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या आपल्या खात्याचा क्रमांक) तयार होतो. माझा फॉर्म एकाच ओळीवर अडायचा: ‘नाव जुळत नाही’.

ब्राउझर बदलला. नाव उलटसुलट टाकलं, कारण आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. शिवाजीनगर कोर्टाबाहेरून प्रतिज्ञापत्रही करून आणलं. संगणकाला त्याचं काय! तीन आठवडे डोक्याला नुसता ताप.

खरं कारण वेगळंच. गुणपत्रिका आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचे, आधार सासरच्या, आणि एबीसी आयडी नाव आधारवरूनच उचलतो.

जमलं ते याच क्रमाने. आधी कोथरूडच्या आधार केंद्रात पासपोर्ट दाखवून आधारवरचं नाव पदवीसारखं केलं (स्पेलिंग पावतीवरच तपासा, नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं). बदल झाल्याचा मेसेज येईपर्यंत बाकी कशाला हात लावला नाही. मग डिजिलॉकरमध्ये ओटीपीने आधार पुन्हा जोडलं. मग एबीसीच्या बारा अंकी क्रमांकासमोर नवं नाव दिसतंय ना, ते पाहिलं. त्यानंतरच डेब आयडी काढला आणि तोच विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये टाकला.

बँकेत सासरचं नाव असेल तर केवायसीही लगेच उरकून घ्या. माझी ती धावपळ अजून चालू आहे.