घरून काम हवंय? मग अर्ज असा करा

टीम लीड असल्याने घरून काम करण्याचे अर्ज माझ्याकडे येतात. बहुतेकांत प्रवासात जाणारा वेळ आणि घरच्या अडचणी असतात. सगळं खरं असतं, पण मला पडणारा प्रश्न वेगळा असतो: हा माणूस समोर नसताना काम कुठवर आलंय हे मला कसं कळणार? त्याचं उत्तर अर्जातच द्या.

आधी गेल्या महिन्याची टिकेट्स (टीमच्या यादीतल्या कामांच्या नोंदी) आणि कॅलेंडर उघडा. प्रत्येक कामापुढे लिहा, याला जागेवर असणं लागतं का? कोडिंग, रिव्ह्यू (सहकाऱ्याचा कोड तपासणं), क्लाउडवरचं डिप्लॉयमेंट (तयार सॉफ्टवेअर चालू करणं) कुठूनही होतं. सर्व्हर रूममधली डिस्क बदलणं किंवा प्रोटोटाइप बोर्डचं टेस्टिंग घरून होत नाही. यादीतून निघतील तेवढेच दिवस मागा. सरसकट पाच दिवस मागितले की माझी भुवई वर जातेच.

वरिष्ठांना आकडे लागतात, तर तेही द्या. सीट्रिप या चिनी ट्रॅव्हल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. २०१५ साली छापलेल्या निष्कर्षांनुसार घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. पण कॉल मोजता येतात, प्रोग्रामिंग तसं मोजता येत नाही. म्हणून त्याच कंपनीतला, २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेला अभ्यास जास्त कामाचा. त्यात १,६१२ कर्मचारी होते, सॉफ्टवेअर इंजिनिअरसुद्धा. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीत फरक पडला नाही. एक गोष्ट मात्र लपवू नका: पहिल्या प्रयोगानंतर जवळपास निम्मे लोक आपणहून ऑफिसला परतले. एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण होतं.

परवानगी मिळाल्यावर खरी मेहनत लिहिण्याची. चॅटवर नुसतं 'हाय, आहेस का?' टाकून थांबू नका. प्रश्न, एरर आणि काय काय करून पाहिलंत, हे एकाच मेसेजमध्ये द्या. पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत) काय बदललं ते डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या तुलनेत, दिसतंच; का बदललं ते लिहा. कॉलवर ठरलेलं त्याच दिवशी टिकेटवर चढवा, नाहीतर कॉलला नसलेला सहकारी तोच वाद पुन्हा उकरून काढतो. दिवस संपताना तीन ओळी पुरतात: काय झालं, कुठे अडलं, उद्या काय.

टीम वेगवेगळ्या देशांत असेल तर सगळे एकाच वेळी भेटतील असे दोन-तीन तास ठरवा. मीटिंगच्या वेळा यूटीसीमध्ये (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) नोंदवा, कारण काही देशांत घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात.

व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी), बॅकअप इंटरनेट, राउटरचा बदललेला पासवर्ड हे गृहीतच आहे. कंपनीचा लॅपटॉप घरात कुणालाही देऊ नका, 'पाच मिनिटांसाठी' सुद्धा नाही.

शेवटी, कायमची सवलत न मागता सहा आठवड्यांची चाचणी मागा, आणि कशावरून जोखायचं ते आधीच ठरवा: रिव्ह्यू किती वेळात होतात, ऑन-कॉलला (तातडीच्या बिघाडासाठी हजर राहण्याच्या पाळीत) उत्तर किती लवकर मिळतं, ठरलेलं काम वेळेत जातं का. कोडच्या ओळी किंवा चॅटमधला 'ऑनलाइन' दाखवणारा हिरवा ठिपका मोजायला अजिबात कबूल होऊ नका. आढाव्याची तारीख मंजुरी मिळेल त्याच दिवशी दोघांच्या कॅलेंडरवर टाका, आणि ती तुम्हीच टाका. आम्ही लीड मंडळी त्या बाबतीत फार भरवशाची नसतो.