सेफ्टी बोर्ड लावले म्हणजे मालकाचं काम संपत नाही

आधी धोकाच कमी करायचा, मशीनला गार्ड बसवायचं, आणि तरीही जो धोका उरतो त्याच्यासाठी बोर्ड, हा क्रम उलटा करू नका प्लीज. रंग आयएसओ ७०१० (सेफ्टी चिन्हांचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणेच ठेवा, म्हणजे लाल गोल आणि तिरकी रेघ म्हणजे मनाई, पिवळा त्रिकोण सावधान, निळा गोल म्हणजे हेल्मेट-गॉगल वगैरे घालायलाच हवं, आणि हिरवा बाहेर पडायचा रस्ता किंवा फर्स्ट एड. नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला प्रत्येक चिन्ह समजावून सांगा, नुसतं वाचून घे म्हणू नका, कित्येकांना वाचता येत नाही आणि विचारायला लाज वाटते. बोर्डासमोर खोकी रचलेली, लाईट गेली की एक्झिट दिसतच नाही, हे तर फार बघितलंय. काम संपलं की जुना बोर्ड काढा, नाहीतर लोक खऱ्या बोर्डाकडेही बघत नाहीत.