पुराचा इशारा कसा लिहावा

धरणातून विसर्ग वाढवताना काढलेल्या संदेशात ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ एवढेच लिहिले, तर जनावरे आत्ता हलवायची की उद्या सकाळी, हे गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. क्युसेकचा, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी सोडले याचा, आकडा अभियंत्यांसाठी ठेवावा. लोकांना पाणी फुटांत समजते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची अनुक्रमे ४० आणि ४५ फूट, आणि २०१९च्या महापुरानंतर किती फुटांना आपल्या गल्लीत पाणी शिरते हे अनेकांना पाठ आहे. म्हणून सध्याची पातळी, अपेक्षित वाढ, कोणत्या वस्तीने किती वाजेपर्यंत कोठे जायचे आणि पुढची माहिती कधी मिळेल, हे संदेशात असावेच. अंदाज पक्का नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. माहिती दडवली की व्हॉट्सॲपवर धरण फुटल्याची अफवा सुरू झालीच म्हणून समजा. तारीख आणि वेळ विसरू नये, कारण कालचा इशारा आजही फिरत राहतो. वीज गेल्यावर मोबाइलही बंद पडतात, तेव्हा तोच मजकूर, शब्द न बदलता, भोंग्यावरून आणि दवंडीने द्यावा.